पुट्टीची गाडी

गाडीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून वायनोकाका कांगास यांनी चुंबक लोकरी मोज्यात घातलं, मोज्याला गाठ मारली आणि पुतणीला हाक मारली.

"जॅनेल, चल. गाडी बघायला जाताना उशीर करायचा नसतो. विकणाऱ्याला वाटतं आपल्याला गरज नाही."

"गरज आहेच की, काका," जॅनेल बूट चढवत म्हणाली.

"आहे. पण ते तोंडावर दिसू द्यायचं नाही."

वायनोकाकांनी एकतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकण्याचं काम केलं. मिठाने बर्फ वितळतो तसा गाड्यांचा पत्राही वितळतो. म्हणजे हिवाळाभर काकांनी जे पेरलं, तेच उन्हाळ्यात तपासायला लोक त्यांना बोलावत. कुणी गंजलेल्या भोकांत पुट्टी भरून वर रंग मारलेला असला, तर काकांचं चुंबक तिथून सटकून खाली पडे. मग काका नुसती मान हलवत आणि सौदा तिथेच मोडे. टॅमरॅक लेकच्या आसपास एकही जुनी गाडी काकांना विचारल्याशिवाय विकली गेलेली नव्हती. काकांचा स्वतःच्या चुंबकावर जेवढा विश्वास होता, तेवढा त्यांचा चर्चवरही नसावा.

जॅनेल ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर ती काकांच्याच घरी वाढली, नर्स झाली, आणि आता तिच्या हातात दोन नोकऱ्या होत्या. एक मार्क्वेटच्या हॉस्पिटलात, घरापासून सत्तर मैल. रोज जायचं, रोज यायचं. दुसरी मिलवॉकीला, राहायच्या खोलीसकट, सहा तासांवर. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिच्या जुन्या जीपचा तळाचा पत्रा मार्चमध्ये गंजून गळून पडला होता, आणि रोज एकशेचाळीस मैल धावून खिशाला परवडेल अशी गाडी मिळाली तरच मार्क्वेट जमणार होतं. नाहीतर मिलवॉकी. काकांनी या विषयावर मत दिलं नव्हतं. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर मत असतं तो गप्प बसला, याचा अर्थ काय ते जॅनेलला पुरतं कळत होतं.

गाडी विकायला काढली होती लेम्पी सालमेला यांनी. बाईंनी गावच्या शाळेत चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. वायनोकाकाही आठवीत त्यांच्या हाताखालून गेले होते. वर्गातून गेले होते असं म्हणणं जास्त बरोबर होईल, कारण विज्ञान त्यांच्या फारसं अंगाला लागलं नव्हतं. बाईंची गाडी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या पहिल्यावहिल्या गाड्यांपैकी होती. सोळा वर्षांची, चंदेरी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी आणि जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. मागची चाकं अर्धी झाकलेली.

"चाकं का झाकलीत, कळलं का तुला?" काकांनी पिकअप ट्रकमधून उतरता उतरताच विचारलं.

"वारा कापायला असेल."

"काहीतरी लपवायला."

आपला निळा ट्रक त्यांनी बाईंच्या दारात लावला होता आणि किल्ली आतच ठेवली होती. किल्ली आत ठेवायची ती तिकडची रीतच आहे. किल्ली खिशात घालणारा माणूस शिकागोचा समजला जातो.

बाई दारात आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या, काठीवर, पण नजर अजून परीक्षा घेणारी.

"ये वायनो. जॅनेल, ये गं. कॉफी घेणार?"

"नको बाई, आत्ताच घेतली," काका म्हणाले.

"थोडीशी?"

"उगाच तुम्हाला त्रास."

"टाकलीच आहे मी."

"मग अर्धा कप," काका म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायचं, हे दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. आणि कॉफी झाल्याशिवाय घेणाऱ्याने व्यवहाराचा शब्द काढायचा नाही, हेही.

"मी कॉफी आणते, तोवर तुम्ही गाडी बघा," बाई म्हणाल्या. "बॅटरी दोन वर्षांपूर्वी नवी घातलीय. कागद आत आहेत. मी विकतेय ती फक्त माझ्या कमरेपायी. या गाडीत बसता येतं, पण उठता येत नाही. परवा चर्चसमोर दोघांनी मला ओढून बाहेर काढलं. आता उंच सीटचं काहीतरी बघणार आहे."

बाई आत गेल्या. काकांनी खिशातून मोजा काढला आणि गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला लावला. मोजा खाली पडला.

"हं," काका म्हणाले.

त्यांनी तो जरा वर लावला. पडला. दाराच्या मधोमध लावला. पडला. मागच्या पत्र्यावर, छपरावर, बॉनेटवर. मोजा जिथे लावावा तिथून गवतावर पडत होता आणि काका दर वेळी वाकून उचलत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. शेवटी ते गुडघ्यांवर बसले, पुढच्या चाकातून आत हात घातला आणि ब्रेकच्या चकतीला चुंबक लावलं. तिथे मात्र ते खटकन चिकटलं.

"ब्रेक तेवढा खरा आहे," काका कष्टी होऊन म्हणाले.

"म्हणजे?"

"जॅनेल, एकतीस वर्षांत मी असं पाहिलं नाही. पत्र्यात पुट्टी भरतात, मला माहीत आहे. पण इथे पत्राच नाही. ही सबंध गाडी पुट्टीची आहे!"

"काका, सबंध गाडी पुट्टीची कशी असेल?"

"हे बघ!" त्यांनी छपरावर मोजा आपटला. मोजा घरंगळत खाली आला. "चुंबक खोटं बोलत नाही. कुणीतरी म्हातारीला फसवलंय."

"कॉफी!" आतून हाक आली.

पुढची वीस मिनिटं वायनोकाकांच्या आयुष्यातली फार अवघड होती. टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव होता, लोणी होतं, कॉफी होती, आणि कॉफी संपेपर्यंत गाडीबद्दल बोलायची सोय नव्हती. ते हवेबद्दल बोलले. तळ्यावरचा बर्फ यंदा लवकर फुटला यावर एकमत झालं. अर्ध्या कपावर थांबतो म्हणाले तर बाईंनी तिसरा ओतला. मग बाई साय आणायला स्वयंपाकघरात गेल्या तशी काकांनी जॅनेलकडे झुकून हळूच सांगितलं,

"तू ही घेऊ नकोस. तू मिलवॉकीला जा."

जॅनेलने कप खाली ठेवला. "काका, तुम्ही हे म्हणताय?"

"मी म्हणतोय. तू इथे राहावंस असं मला किती वाटतं, ते मी तुला सांगितलं नाही, सांगणारही नव्हतो. तू गेलीस की घरात बोलायला माणूस उरणार नाही. रेडिओ आहे, पण तो माझं ऐकत नाही. तरी जा. पुट्टीच्या गाडीत बसवून तुला हायवेवर धाडायचं आणि इथे जीव टांगणीला लावून बसायचं, हे मला जमणार नाही."

जॅनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला,

"वायनो, चुंबक कशाला चिकटतं?"

बाई सायीचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या. काका खुर्चीवरून ताडकन उठून उभे राहिले. पन्नास वर्षं झाली तरी पायांना सवय होती.

"लोखंडाला, बाई."

"आणि अॅल्युमिनियमला?"

काकांनी वर्गात बघत असत तसं खिडकीबाहेर बघितलं.

"तेव्हाही असाच बाहेर बघत होतास," बाई म्हणाल्या. "अख्खा तास चुंबकावर घेतला मी. शेवटी डब्याची अॅल्युमिनियमची झाकणं वाटली सगळ्यांना, हाताने करून बघा म्हटलं. तू झाकण खिडकीतून भिरकावलंस. वायनो, ही गाडी अॅल्युमिनियमची आहे. वजन कमी राहावं म्हणून. पुढचे मडगार्ड प्लास्टिकचे. हिला गंज चढत नाही. तू टाकलेल्या मिठातून मी ही सोळा वर्षं हाकली, आणि तिने तुझ्या मिठाला भीक घातली नाही."

काका हळूहळू खाली बसले. दुसऱ्या एखाद्याला लाज वाटली असती. काकांना इतका आनंद झाला की लाज वाटायला जागाच उरली नाही. गाडी चांगली होती! गंजणारच नव्हती! मार्क्वेट जमत होतं!

"मी म्हणत होतोच," ते जॅनेलला म्हणाले, "की हिचं काहीतरी वेगळं आहे."

"तुम्ही म्हणाला होता पुट्टी."

"पुट्टी हा सुरुवातीचा अंदाज होता."

गाडीत दोघांचीच जागा, म्हणून चक्कर मारायला काका आणि जॅनेल निघाले. बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या.

"एक लक्षात ठेवा. चौकात थांबलात की इंजिन आपोआप बंद पडतं. पेट्रोल वाचावं म्हणून. घाबरू नका. गियर टाकला की चालू होतं. आणि हो, पेट्रोल..."

"कळलं, बाई! पेट्रोल वाचतं!" म्हणत काकांनी दार ओढून घेतलं.

जॅनेल गाडी चालवत होती. काका शेजारी गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले होते आणि अतिशय खूश होते. पहिल्या चौकात गाडी थांबली, इंजिन बंद पडलं आणि सगळीकडे शांतता पसरली.

"बघ!" काका म्हणाले. "बंद. आता गियर टाक." जॅनेलने टाकला. गाडी हलकेच निघाली. "वा! या गाडीला डोकं आहे."

"काका, हा पिवळा दिवा कसला लागलाय?"

"या गाड्यांत दिवे लागतच असतात. तो बॅटरीचा असणार."

"पेट्रोल पंपासारखं काहीतरी चित्र आहे त्याच्यावर."

"तेच. पेट्रोल वाचतंय, असं सांगतोय."

सात मैलांवर, सीडरच्या झाडांच्या दलदलीला लागून चढ आहे. त्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. जॅनेलने ती कशीबशी कडेला घेतली.

"बंद पडली."

"थांबली," काकांनी चूक सुधारली. "बाई काय म्हणाल्या? आपोआप बंद होते."

"ते चौकात. ही चालता चालता बंद पडली. मी किल्ली फिरवून बघते."

"किल्लीला हात लावू नकोस! आपण मघाशी चुंबक घेऊन धावलो आणि तोंडघशी पडलो ना? नव्या तंत्राची गाडी आहे. तिला तिच्या मनाने उठू दे. बॅटरी भरत असेल आत."

ते दोघं बसून राहिले. पाचेक मिनिटांनी ओंडक्यांचा मोठा ट्रक थांबला. तिकडे रस्त्याच्या कडेला गाडी दिसली आणि माणूस थांबला नाही, असं होत नाही.

"काय वायनो, मदत हवीय का?"

"छे! हायब्रिड आहे. विश्रांती घेतेय."

ट्रकवाल्याने गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "अरे वा. बरं तर," म्हणून तो गेला. मग पोस्टवाली बाई थांबली. तिलाही काकांनी काच खाली करून हायब्रिडचा धडा दिला. तिने फक्त "असं असतं होय," म्हटलं. मग दूधवाला. तोवर काकांचं स्पष्टीकरण चांगलंच वाढलं होतं आणि त्यात वाऱ्याची दिशाही आली होती.

"काका," जॅनेल समोर बघत म्हणाली, "पाऊण तास झाला."

"चांगली बॅटरी भरायला वेळ घेतेच."

"मघाशी कॉफी घेताना जे बोललात, ते मला आधी का नाही सांगितलंत?"

काका आपल्या गुडघ्यांना म्हणाले, "तू माझ्यासाठी थांबशील म्हणून. मला तशी नको होतीस. स्वतःसाठी थांबलीस तर थांब."

"मला इथेच राहायचंय. बाबांचं आवडतं तळं आहे, तुम्ही आहात. मला मिलवॉकीत काय करायचंय?"

काकांनी नाक शिंकरलं, मोजाच हाताशी होता म्हणून मोज्यात, आणि नाकाला चुंबकाची गाठ लागून ओरडले.

तेवढ्यात मागून ओळखीचा घरघराट आला. काकांचा निळा ट्रक येत होता. काकांचा ट्रक, काकांशिवाय! तो कडेला थांबला, दार उघडलं, आणि सालमेला बाई काठी हातात धरून, कुणाचा आधार न घेता, सरळ खाली उतरल्या. दुसऱ्या हाताने त्यांनी सीटवरचा पेट्रोलचा डबा ओढून घेतला.

"पोस्टातून फोन आला," बाई म्हणाल्या. "'लेम्पी, तुझी गाडी दलदलीपाशी विश्रांती घेतेय असं वायनो म्हणतो, हे खरं का?' मी म्हटलं, 'वायनो आठवीतही असाच होता.' अरे, पेट्रोल संपत आलंय, पंपावर जा आधी, हेच सांगत होते मी. तू दार आपटलंस."

जॅनेल हसून हसून स्टिअरिंगवर पडली. डबा ओतला, किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वायनोकाका एका चालू गाडीसमोर उभे होते आणि त्यांना मत नव्हतं.

"घेणार ना गं ही?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. किंमत तुम्ही सांगाल ती."

"पैसे राहू देत. वायनो, तू मला हा ट्रक दे."

"ट्रक?"

"याच्या सीटवरून मी माझ्या पायांनी उतरले. दोन वर्षांत कुठल्याच गाडीतून अशी उतरले नव्हते. गाडी पोरीची, ट्रक माझा. फिट्टंफाट."

काकांनी ट्रककडे पाहिलं. तो त्यांनी कुणाला धुवायलासुद्धा दिला नव्हता.

"नको काका," जॅनेल घाईने म्हणाली. "मी हप्त्यांनी देईन."

काकांनी पुतणीकडे पाहिलं, आणि ट्रकबद्दलचा त्यांचा निर्णय झाला. पण निर्णय झाला तरी धंद्याची सवय जात नाही. ते ट्रकपाशी गेले, घसा साफ केला.

"बाई, देतो. पण सांगून देतो. डाव्या दाराखाली पुट्टी आहे. मीच भरलीय."

"काका! तुम्ही?" जॅनेल ओरडली.

"उजवीकडेही आहे. मागच्या चाकाच्या वर आहे तिला पुट्टी म्हणता येणार नाही, ती जाळी आणि सिमेंट आहे. तेल पितो. चढाला कण्हतो. थंडीत दुसरा गियर लागत नाही, पहिल्यातून तिसऱ्यात न्यावा लागतो." एकेक दोष सांगताना काकांचा आवाज चढत गेला, खांदे सरळ झाले. आता ते जणू दुसऱ्याच कुणाच्या ट्रकपुढे उभे होते. "खालची चौकट गंजून पोकळ झालीय. स्प्रिंगचा पाटा एक तुटलाय. बाई, खरं सांगू? मला कुणी विचारलं असतं ना, तर मी छातीठोक म्हणालो असतो, की हा ट्रक घेऊ नका!"

"मी तुला विचारलंच नाही," बाई म्हणाल्या, आणि ट्रकमध्ये चढून निघून गेल्या.

टॅमरॅक लेकच्या परिसरात काकांना न विचारता झालेला हा पहिला सौदा.

जॅनेलने मिलवॉकीला नाही म्हणून कळवलं. पुढच्या सोमवारी पहाटे ती मार्क्वेटला कामावर गेली, तेव्हा काका दारात उभे राहून गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते. मग त्यांनी अंगण पाहिलं. अंगणात एकही चालती गाडी नव्हती. दुकान अकरा मैलांवर होतं. काकांना त्याचं काहीही वाटलं नाही, उलट ते शीळ घालत घरात आले.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. तळ्याच्या पलीकडचा कुणी तरुण होता.

"वायनोकाका, एक गाडी बघायचीय. येता का?"

"येतो की! मला न्यायला ये."

"कशातून येऊ? माझ्याकडे गाडी नाही म्हणूनच तर घेतोय."

काकांनी क्षणभर विचार केला. मग अगदी ठामपणे म्हणाले,

"हरकत नाही. माझी पुतणी सहाला घरी येईल. जेवतो आणि तिच्या गाडीतून जाऊन बघून येतो. दोघांचीच जागा आहे, तेव्हा तू घरीच थांब."